खिशातल्या वेळापत्रकाची कुळकथा

मुंबईच्या लोकलने खडवलीला जाणाऱ्याने फलाटावरचा इंडिकेटर नीट वाचला नाही तर पंचाईत ठरलेली. ‘टीएल’ म्हणजे टिटवाळा. ती गाडी एक स्टेशन अलीकडेच संपते. ‘एएन’ आसनगाव आणि ‘एन’ कसारा, या खडवलीकरांच्या कामाच्या. कल्याणपुढे गाड्या विरळ, एक चुकली की ताटकळणं आलं. त्यामुळे या पट्ट्यात वेळापत्रक एकतर तोंडपाठ असे, नाहीतर छापील कागदाची घडी होऊन पाकिटात असे. मुंबई परिसरातलं घरोघरी ठाऊक झालेलं मोबाइल ॲप या घडीच्याच गरजेतून निघालं.

त्याचं मूळ शोधायचं तर १९९९ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सने छोट्या यंत्रांसाठी जावाची आटोपशीर आवृत्ती, ‘जावा मायक्रो एडिशन’, जाहीर केली. फोनवर ती चालवणाऱ्या इंजिनाचं नाव होतं केव्हीएम, त्यातला ‘के’ किलोबाइटचा. पहिल्या आवृत्तीत दशांश अपूर्णांकाचं गणितसुद्धा नव्हतं.

या भाषेतल्या प्रोग्रामला मिडलेट म्हणत. शिकणाऱ्याला सगळ्यात आधी तीन आज्ञा भेटत: ‘स्टार्टॲप’, ‘पॉजॲप’, ‘डिस्ट्रॉयॲप’. सुरू हो, थांब, आवरून नीघ. मधलीचं महत्त्व मोठं, कारण ते यंत्र मुळात फोन होतं; कॉल आला की प्रोग्रामला बाजूला व्हावं लागे. एका हँडसेटचा पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, दुसऱ्याचा १२८ बाय १६०. संगणकावरच्या नकली फोनमध्ये सुरळीत चालणारी यादी खऱ्या नोकियावर कापली जाई. तयार झालेली ‘जार’ फाइल ब्लूटूथने या फोनवरून त्या फोनवर जात असे. ॲपचं दुकान अजून यायचं होतं.

अशा दिवसांत, २००८ मध्ये, सचिन टेके यांनी ‘एम-इंडिकेटर’ आणलं. प्लॅटफॉर्मवरच्या फलकाचंच नाव त्यांनी घेतलं. त्याच वर्षी ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं आणि पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. पण लोकलच्या गर्दीतल्या हातांत बटणांचे जावा फोन होते आणि इंटरनेट महाग होतं. टेके यांच्या ॲपमधलं वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असे, नेटवाचून उघडे. नोकरदारांना ते जवळचं वाटलं याचं मोठं श्रेय या निर्णयाला द्यायला हवं.

वेळापत्रक हा नवशिक्याला सोपा विषय वाटतो. तो तसा नाही. गाडीची वेळ साठवण्याची साधी रीत म्हणजे मध्यरात्रीपासूनची मिनिटं: सकाळी ६.१० म्हणजे ३७०. ‘पुढची गाडी कोणती’ याचं उत्तर मग दोन आकड्यांच्या तुलनेत निघतं. खरी कसोटी रात्री बारानंतर सुटणाऱ्या कसारा लोकलला लागते. फलाटावरच्या माणसाच्या लेखी ती शनिवारची शेवटची गाडी, यंत्राच्या लेखी रविवारची पहिली. रविवारच्या गाड्या वेगळ्या असतात. इथे चूक झाली तर थकून घरी निघालेला माणूस नसलेल्या गाडीची वाट पाहत बसेल. अशा एका गाडीपायी वेळेचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं, आणि प्रोग्रामिंगचं खरं शिक्षण होतं ते याच जागी.

पुढे अँड्रॉइडने जावा फोन मागे टाकले. २०१४ च्या अखेरीस ॲप बनवण्याच्या ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ या साधनाची पहिली पक्की आवृत्ती आली, २०१७ मध्ये गूगलने कोटलिन भाषेला अधिकृत पाठिंबा दिला. ठिपके मोजायची कटकट कमी झाली, नवी कामं आली: ठिकाण विचारण्याआधी परवानगी, बॅटरीची काळजी, नेट तुटलं तर काय दाखवायचं याचा विचार. २०२२ मध्ये मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर लोकलचा थेट ठावठिकाणा दिसू लागला. आता शिकणाऱ्याला दोन वेळा सांभाळाव्या लागतात: कागदावर ठरलेली आणि गाडी खरोखर येणार ती.