टॉलरन्स विश्लेषण

सुट्या भागांच्या मापांत चालवून घेतलेला फरक (टॉलरन्स) जुळणीनंतर एकूण किती साचतो, हे ठरविण्याचे गणित. वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे यांसारख्या औद्योगिक भागांत एका गाळ्यात कातलेला शाफ्ट दुसऱ्या गाळ्यातील बुशमध्ये बसायचा असेल, तर हे गणित आधीच मांडलेले बरे. भारतीय मानक आयएस 919 नुसार 25 मिमी. व्यासाच्या एच7/जी6 बसवणीत छिद्र 25.000 ते 25.021 मिमी. आणि शाफ्ट 24.980 ते 24.993 मिमी. असतो; म्हणजे फट 0.007 ते 0.041 मिमी.

भाग वाढले की पद्धतीची निवड महत्त्वाची ठरते. प्रत्येकी ±0.1 मिमी. टॉलरन्सचे पाच भाग एकापुढे एक आले, तर कमाल-किमान पद्धत ±0.5 मिमी. सांगते. वर्गमूळ पद्धत (वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) सुमारे ±0.22 मिमी. देते, मात्र मापे परस्परांपासून स्वतंत्र आणि मध्याभोवती विखुरलेली असावी लागतात. दहा-वीस नगांच्या ऑर्डरीत हे गृहीत धरणे धोक्याचे. तेथे कमाल-किमान पद्धतच विश्वासाची. गुंतागुंतीच्या भूमितीसाठी संगणकावर यादृच्छिक मापे घेऊन हजारो जुळण्या तपासणारी माँटे कार्लो पद्धत वापरतात.

तापमानाकडे मात्र फार दुर्लक्ष होते. मापांचे प्रमाण तापमान 20° से. आहे, 35° से.ला 100 मिमी. पोलादी भाग सुमारे 0.017 मिमी. वाढतो. पोलादी शाफ्टवर ॲल्युमिनियमचा भाग बसवायचा असेल, तर हा फरकही बेरजेत धरावा लागतो, कारण ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावते.