बडोदे संस्थान आणि लोकभाषेतील विज्ञान

बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांत १९०९ च्या मराठी साहित्य संमेलनाचा उल्लेख आजही अभिमानाने होतो. मात्र त्याचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकसेवेतील शल्यवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते, याचे स्मरण फारसे उरलेले नाही. त्यांनी काव्यरचनाही केली होती. परंतु भारतीय औषधी वनस्पतींवरील, बामनदास बसू यांच्यासमवेत सिद्ध केलेला त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तीच त्यांची चिरस्थायी ओळख ठरली. साहित्याच्या व्यासपीठावर शास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून बसावा, यात त्या काळच्या बडोद्यास काही विपरीत वाटले नाही. विज्ञान हा लोकभाषेचाच विषय आहे, अशी भूमिका येथे त्यापूर्वीच रुजू लागली होती.

या भूमिकेचे मोठे श्रेय प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांस द्यावे लागेल. सुरतेच्या सुतार घराण्यातील हे रसायनशास्त्रज्ञ आणि श्रीमंत सयाजीराव महाराज, दोघेही १८६३ चे. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८९० मध्ये, महाराजांच्या आश्रयाने गज्जरांनी कलाभवनाची उभारणी केली. कारागिरांच्या मुलांस इंग्रजीची अट न घालता त्यांच्याच भाषेत तंत्रविद्या द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी पाठ्यपुस्तके हवीत, पुस्तकांसाठी परिभाषा हवी, हे ओळखून त्यांनी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला आणि बहुभाषिक शास्त्रीय शब्दकोशाचे काम हाती घेतले. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही याच कलाभवनात शिक्षण घेतले.

या आग्रहामागील मर्म कलाभवनातील रंगाईच्या विद्येवरून ध्यानी येते. आलीच्या किंवा मंजिष्ठाच्या रंगात सुती कापड नुसते बुडविले तर धुलाईत रंग उतरतो. आधी तुरटी दिली तर तो टिकतो. हे रंगाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. का टिकतो, हे मात्र त्यास कोणी सांगितले नव्हते. तुरटीतील ॲल्युमिनियम एका अंगाने धाग्यास आणि दुसऱ्या अंगाने रंगास धरून ठेवते; म्हणून अशा द्रव्यास ‘रंगबंधक’ म्हणावयाचे. हाताला ठाऊक असलेल्या गोष्टीचे कारण आपल्याच शब्दांत कळले, की कारागीर नव्या रंगाची परीक्षाही स्वतः करू लागतो.

गज्जर १८९६ मध्ये मुंबईस गेले आणि परिभाषेच्या कामास पूर्वीचा वेग राहिला नाही. त्यांच्या शिष्यपरंपरेतून मात्र १९०७ मध्ये बडोद्यात अलेंबिक हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. कोटिभास्कर आणि अमीन या मराठी-गुजराती जोडीचे नाव त्याच्या आरंभाशी निगडित आहे.

दरम्यान १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सर्व संस्थानास लागू झाले. साक्षर झालेला मनुष्य पुढे काय वाचणार, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयांनी दिले. १९१० मध्ये अमेरिकेतून आलेल्या बोर्डन यांनी ग्रंथालय खात्याची घडी बसविली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ज्यांस वाचता येत नसे त्यांच्यासाठी याच खात्याची दृश्यशिक्षण शाखा होती. मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे यांतून त्यांच्यापुढे जग उलगडे.

१९३१ चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा याच दृष्टीचा राज्यकारभारातील आविष्कार होय. शासकीय सेवेत असताना मी तो अनेकदा चाळला. परंतु केवळ प्रतिशब्दाने काम भागत नाही, हे मला एका खेड्याने शिकविले. पावसाळ्यात विहिरीत क्लोरीन टाकण्याविषयीचे आमचे परिपत्रक भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते. तरी लोकांनी पाण्यास वास येतो म्हणून ते पिणे सोडले आणि ओढ्याचे पाणी भरू लागले. अखेर तेथील शाळामास्तरांनी पारावर बसून समजाविले, की तो मंद वास म्हणजे औषध अद्याप पाण्यात शिल्लक असल्याची खूण. दुसऱ्या दिवशी विहिरीवर घागरी दिसू लागल्या. परिपत्रकाचा मसुदा माझाच होता. वासाविषयी त्यात एक ओळही नव्हती.

कलाभवन १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले आणि पुढे तेथील उच्च शिक्षण इंग्रजीतून होऊ लागले. त्याबद्दल खंत करीत बसण्यात अर्थ नाही. आपली नातवंडेही त्याच वाटेने शिकून कर्तबगार होत आहेत. परंतु ती जे शिकतात ते घरातील आजीला मराठीत सांगू शकत नसतील, तर गज्जरांचे काम आपल्याच घरात अपुरे राहिले, असे म्हणावे लागेल. परवा नातवाला मी विचारले, की तुरटीने रंग का टिकतो. त्याने इंग्रजीत अचूक उत्तर दिले. ‘आता हेच आजीला सांग,’ म्हटल्यावर तो अडखळला. मग रुमाल, तुरटी आणि हळदीची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेला.