टर्मिनलच्या नोंदीची कुळकथा

एखाद्या संस्थेच्या सर्व्हरवर तिच्याच लेखी परवानगीने हल्ला करून बघायचा, फटी शोधायच्या आणि अहवाल द्यायचा, हे पेनटेस्टरचं काम. टर्मिनलवर आपण काय टाइप केलं आणि समोरून काय उत्तर आलं, याची नोंद त्याला ठेवावीच लागते. या नोंदीचं मूळ कागदात आहे.

नागपुरातल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटर खडखडत असे, तेव्हा बातमी कागदाच्या गुंडाळीवर आपोआप उमटून राही. जुन्या संगणकांनाही असंच यंत्र जोडलेलं असे. १९६३ साली आलेलं टेलिटाइपचं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापी. आज्ञा आणि तिचं उत्तर एकाखाली एक कागदावर येई. युनिक्स ही संगणकप्रणाली अशाच यंत्रांवर वाढली. मग पडदा आला. कामाला वेग आला, पण वर सरकलेली ओळ गेली ती गेलीच.

१९७९च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्समध्ये आलेल्या ‘स्क्रिप्ट’ या आज्ञेने ती उणीव भरून काढली. ती मध्ये एक आभासी टर्मिनल उभं करते आणि पडद्यावर येणारं सगळं, खोडलेलं अक्षरसुद्धा, ‘टाइपस्क्रिप्ट’ नावाच्या फाइलमध्ये उतरवते. पुढे लिनक्सवर वेळेची वेगळी फाइल जोडीला आली. तिच्या साध्या रूपात दर ओळीला दोनच आकडे: किती सेकंद गेले आणि किती बाइट आले. तेवढ्यावर ‘स्क्रिप्टरिप्ले’ ही आज्ञा सगळं काम त्याच गतीने पुन्हा दाखवते.

पण ही नोंद सांभाळावी लागते. नाव न देता ‘स्क्रिप्ट’ दुसऱ्यांदा सुरू केलं, तर आधीच्या फाइलवर नवी लिहिली जाते. म्हणून नावातच तारीख, वेळ आणि यंत्राची खूण हवी. पासवर्ड विचारला जातो तेव्हा तो पडद्यावर दिसत नाही, म्हणून फाइलीतही येत नाही. आज्ञेच्या ओळीतच लिहिला तर मात्र येतो, आणि कळफलकाचीही नोंद चालू असेल तर तो सुटत नाही. अशी फाइल म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या चाव्यांचा जुडगा. ती कूटबद्ध करून ठेवायची आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुसून टाकायची.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या ४३ आणि ६६ या कलमांनुसार, परवानगीशिवाय अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरणं गुन्हा आहे. रात्री सर्व्हर बंद पडला आणि बोट पेनटेस्टरकडे वळलं, तर परवानगीपत्र एवढंच सांगतं की मुभा कशाची होती. प्रत्यक्षात काय केलं, ते नोंदच सांगते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसाही, द्यावं लागतं. हे मूल्य रोज काम संपताच काढून ग्राहकाकडे पाठवलं, तर मागाहून झालेला एका अक्षराचा फेरफारही लपत नाही. नागपुरात या कामाकडे वळणाऱ्या मुलांनी हल्ल्याच्या हत्यारांआधी ही शिस्त शिकावी. संशय आला तर तीच त्यांची बाजू मांडेल.