टिळकवाडी आणि मराठा सेंटर

जांबोटीहून बेळगावला जाताना पिरनवाडी, उद्यमबाग मागे पडले की टिळकवाडी लागते. त्याच शहरात, कॅम्पाच्या बाजूला, १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र आहे. एक नाव सरकारला जाब विचारणाऱ्याचे, तर दुसरे सरकारच्या हुकमावर लढायला जाणाऱ्यांचे. आम्हा सीमाभागातल्या माणसांना दोन्ही सारखीच जवळची. एक भाऊ पलटणीत आणि दुसरा मोर्च्यात, अशी घरे आमच्याकडे कमी नाहीत. मग युद्धाच्या काळात अशा घराने काय करावे? गप्प बसावे की बोलावे? घरातला गणपती चौकात आणणाऱ्या लोकमान्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून टिळक जून १९१४ मध्ये सुटले. दोनच महिन्यांत महायुद्ध पेटले. सरकारवर राग धरायला त्यांच्याइतके कारण दुसऱ्या कोणाला असणार? तरीही ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून युद्धात सरकारला साहाय्य करण्याचे आवाहन केले. मात्र स्वराज्याची मागणी त्यांनी गुंडाळून ठेवली नाही. एप्रिल १९१६ मध्ये प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने ते बेळगावात आले. गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखे निष्ठावान सहकारी इथे होतेच. २८ एप्रिलला याच शहरात होमरूल लीगची स्थापना झाली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले आणि न. चिं. केळकर चिटणीस.

दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, हजारो मैलांवर मेसोपोटेमियात कूत शहर पडले. जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर उपासमारीने खंगलेल्या फौजेला तुर्कांपुढे शस्त्रे ठेवावी लागली. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पुढे कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत कित्येक जण दगावले. इथे स्वराज्याचा ठराव आणि तिथे मराठी जवानांची कैद, या दोन गोष्टी एका दिवसाच्या अंतराने घडल्या.

सरकारने टिळकांची बेळगाव आणि अहमदनगरची भाषणे राजद्रोही ठरवली. त्यांच्याकडून २० हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. त्यांच्या बाजूने जिना उभे होते. एवढे होऊनही १९१७ मध्ये टिळकांनी पुण्यात तरुणांना इंडियन डिफेन्स फोर्समध्ये नाव घालायला सांगितले.

त्यांची तक्रार नेमकी होती. मराठा गडी कितीही शूर असला तरी सुभेदार-मेजरच्या वर त्याला वाट नव्हती. राजाचे कमिशन गोऱ्यांसाठी राखीव होते. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळक बोलायला उठले. राजनिष्ठा व्यक्त करून ते स्वराज्य आणि स्वसंरक्षण यांच्या नात्याकडे वळले, तोच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले. टिळक सभागृह सोडून निघाले. निषेधाच्या सभेचे अध्यक्षपद गांधीजींनी घेतले, जे स्वतः त्या वेळी खेड्यापाड्यांत सैन्यभरतीसाठी फिरत होते.

पुढे टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा धनादेश पाठवला. हिंदी जवानांना अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, नाही दिली तर ही रक्कम गेली, अशी ती पैज होती. मदतीचा सौदा नको म्हणून गांधीजींनी धनादेश परत केला. दोघांचे मार्ग वेगळे, पण जवानाला वाऱ्यावर सोडावे असे दोघांनाही वाटले नाही.

युद्ध संपता संपता इंदूरच्या डेली कॉलेजात हिंदी कॅडेटांचे शिक्षण सुरू झाले. १९१९ मध्ये तिथून कमिशन घेऊन निघालेल्यांत कोडगूचे करिअप्पा होते. तेच पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख झाले.

आज लढाईची नुसती चाहूल लागली तरी प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हटले जाते. उलट, सरकारवरच्या रागापोटी कोणी जवानाच्या त्यागालाही नावे ठेवतो. आम्हाला वाटते, लोकमान्यांची कसोटी सोपी आहे : आपला प्रश्न सीमेवरच्या पोराच्या हिताचा आहे का? त्याला नीट शस्त्र, योग्य पद, घरच्यांना आधार मिळावा म्हणून विचारलेला प्रश्न हा त्याच्या पाठीशी उभे राहण्याचाच प्रकार आहे. यंदा आरतीला उभे राहताना पलटणीतल्या आपल्या मुलांसाठी हात जोडू या, आणि त्यांच्यासाठी तोंड उघडायचे धैर्यही बाप्पाकडे मागू या.