दुर्गादेवीचा दुष्काळ आणि बस्तरची गुहा

मी कुरकुंभचा. आमच्या काळ्या दगडात पावसाचा जुना हिशेब सापडणं कठीण. चुनखडकासारखा बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही. कार्ल्याची लेणीसुद्धा माणसांनी छिन्नीने कोरलेली. हिशेब मिळाला तो बस्तरमधल्या दंडक गुहेत. पाऊस तिथेही मान्सूनचाच.

छतातून झिरपणारा थेंब खाली चुन्याचा पातळ थर ठेवतो. थरावर थर चढून खांब वाढतो. युरेनियम-थोरियमवरून त्याचं वय कळतं, आणि पाऊस घटला की थरातला जड ऑक्सिजन वाढतो. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या मला हा लॉग फारच आवडला!

२००७ साली आशीष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी त्यावरून इ. स. ६०० ते १५०० मधला पाऊस मांडला. चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मान्सून दशकंच्या दशकं कमजोर दिसतो. दुर्गादेवीचा दुष्काळ, १३९६ ते १४०७, नेमका त्यात येतो. सलग बारा कोरडी वर्षं यातून सिद्ध होत नाहीत. थरांच्या वयात काही वर्षं इकडेतिकडे होतात. पण ती निव्वळ दंतकथाही उरत नाही.

१६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, हे आपण जाणतो. दुर्गादेवीत गेलेल्यांचा पुरावा म्हणजे एवढा चुना.