जुन्या ग्रंथांतील युद्ध आणि विमान

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि पनवेल हे विमानांच्या वाटेवरचे गाव बनले. त्या निमित्ताने आम्हां जुन्या पुस्तकांच्या नादी लागलेल्या मंडळींना आपली कपाटे पुन्हा चाळावीशी वाटली. युद्धेतिहास आणि विमानविद्येचे बाळपण हे आमच्या संग्रहाचे दोन विषय. ते भिन्न भासतात; कपाटात मात्र एकमेकांना खेटूनच उभे राहतात.

अशा संग्राहकांची वारी पूर्वी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवर जात असे. २००५ साली महापालिकेने तेथील बरेचसे विक्रेते हटविले आणि त्या जागेची रया गेली. रद्दीच्या दुकानात अजूनही एखादा ग्रंथ तराजूत पडलेला दिसतो. तो हाती आला, की आम्ही प्रथम मुद्रणवर्ष पाहतो. आपल्या कर्नाळ्याचेच उदाहरण घ्या. १८१८ साली कर्नल प्रॉथरने हा किल्ला घेतला. त्याची हकीगत शोधणारा वाचक साहजिकच कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर उघडतो आणि निराश होतो. ती सापडते ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या खंडांत. कारण ते लिहिले गेले तेव्हा पनवेल ठाण्यात मोडत असे.

विमानविद्येच्या जुन्या इतिहासग्रंथांत एक नाव हमखास भेटते आणि ते आपल्या वाचकांना ठाऊक असावयास हवे. फ्रान्सिस्को लाना हे इटलीतील ब्रेशा नगरीचे येशूसंघीय धर्मगुरू. १६७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी एका हवाई नौकेची कल्पना मांडली. तांब्याच्या पातळ पत्र्याचे चार मोठे गोल करावेत, त्यांतील हवा काढून घ्यावी, म्हणजे ते हवेहून हलके होऊन नौकेला वर उचलतील, असा त्यांचा हिशेब होता. तत्त्व बरोबर होते. परंतु इतका पातळ पत्रा बाहेरील हवेच्या दाबाने चेपला जाणार, ही अडचण सुटण्याजोगी नव्हती. आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. अशी नौका खरोखरच तयार झाली, तर कोणतेही नगर सुरक्षित राहणार नाही, घरांवर आणि गडकोटांवर वरून आग टाकता येईल, म्हणून परमेश्वर हे यंत्र सिद्धीस जाऊ देणार नाही, असे फादर लाना यांनी तेथेच लिहून ठेवले. परमेश्वराने माणसाचा हात धरला नाही. २४१ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९११ रोजी, लिबियातील युद्धात जुलिओ गावोत्ती या वैमानिकाने विमानातून हातबॉम्ब टाकले. तोही इटालियनच!

आपल्याकडे १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडविल्याची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली चिकित्सा केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांच्या जिज्ञासेला यामुळे उणेपणा येत नाही. पण आख्यायिकेला इतिहासाच्या कप्प्यात बसविणे आम्हांला मान्य नाही.

विशेषतः खरा वैमानिक विस्मरणात गेला असताना! पहिल्या महायुद्धाच्या हवाई लढायांचा ब्रिटिश अधिकृत इतिहास सर वॉल्टर रॅले यांनी लिहावयास घेतला. हे गृहस्थ तरुणपणी अलीगढच्या महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पहिला खंड १९२२ साली निघाला आणि त्याच वर्षी ते विषमज्वराने वारले. उरलेले खंड एच. ए. जोन्स यांनी पुरे केले. हे खंड जुन्या बाजारात दिसले, की आम्हांला मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंगकरांचे स्मरण होते. त्या युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने विमान चालविणाऱ्या मोजक्या भारतीयांपैकी ते एक. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचे विमान पाडले गेले आणि त्या जखमांनी त्यांचा अंत झाला. हांगार या खेड्यातील युद्धस्मशानात त्यांची कबर आहे.