राख झालेले दप्तर

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तीत आजोबांचे प्रमाणपत्र, जुनी गुणपत्रिका, पिवळ्या पडलेल्या पावत्या! ‘ही रद्दी कशाला ठेवायची?’ असा प्रश्न घरोघर निघतो. या प्रश्नावरून एका विद्यापीठाची गोष्ट आठवते.

आपले रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे मानकरी ठरले, हे महाराष्ट्राला ठाऊकच आहे. त्याच केंब्रिजचे दप्तर त्यापूर्वी पाच शतके भर चौकात जळत होते!

साल १३८१. इंग्लंडभर शेतकऱ्यांचे बंड पेटले होते. केंब्रिजच्या गावकऱ्यांचा विद्यापीठावर जुना राग होता. विद्यार्थ्यांचे खटले विद्यापीठाच्याच न्यायासनापुढे चालत. घरांची भाडी ठरविण्यातही त्याचा हात असे. या साऱ्या हक्कांच्या राजसनदा सेंट मेरीच्या देवळात एका पेटीत असत. जून महिन्यात जमाव देवळात घुसला, पेटी फोडली आणि कागदपत्रांची बाजारात होळी केली. मार्जरी स्टार नावाच्या एका म्हातारीने ती राख वाऱ्यावर उधळली, असे सांगतात.

त्या म्हातारीला अडाणी म्हणून हसू नये. कागद म्हणजे काय, हे तिला पुरते कळले होते. सनद गेली, की हक्क गेला, हा तिचा हिशेब.

हिशेब चुकला तो एकाच ठिकाणी. राजाच्या कचेरीत तेराव्या शतकाच्या आरंभापासून एक शिस्त होती: बाहेर जाणाऱ्या सनदेची नक्कल चर्मपत्राच्या गुंडाळीवर उतरून ठेवावयाची. पेटी केंब्रिजात जळली. गुंडाळ्या राजाच्या दप्तरात सुरक्षित होत्या. बंड मोडले आणि पुढल्याच वर्षी विद्यापीठाला पूर्वीपेक्षा अधिक अधिकार मिळाले. पाव, दारू आणि वजनेमापे यांवरील देखरेखदेखील त्याच्याकडे आली! गावकऱ्यांच्या पदरी काय पडले, ते सांगावयास नको.

विद्यापीठही शहाणे झाले. १४२० साली विल्यम रिस्ली याने दप्तराची यादी केली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट हेअर या गृहस्थाने लंडनच्या टॉवरमधील व इतर ठिकाणचे कागद धुंडाळून जुन्या सनदांच्या नकला मोठ्या ग्रंथांत उतरविल्या आणि ते ग्रंथ विद्यापीठाला अर्पण केले. कुलुपाने जे राखले नाही, ते यादीने आणि नकलेने राखले. आज ते दप्तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा ट्रंक उघडाल तेव्हा घाई करू नका. कोणता कागद कशाचा, ते एका वहीत लिहा. महत्त्वाच्या कागदाची एक नक्कल भाऊबीजेला येणाऱ्या भावाच्या हाती द्या. ती त्याच्या घरी राहू द्या. एकाच पेटीवर विसंबणे केंब्रिजलाही महाग पडले होते!